घरचे व्हिडिओ, डीव्हीडी आणि हार्ड डिस्कवरच्या जागेचं रडगाणं

घरच्या व्हिडिओचा प्रोजेक्ट डीव्हीडीवर बर्न करायचा आणि मग हार्ड डिस्कवरून सगळं उडवून जागा मोकळी करायची, हा एके काळी शिरस्ताच होता. तो का पडला हे समजून घ्यायचं तर १९९५ सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) टेप आली आणि घरगुती कॅमेऱ्यातलं चित्रण डिजिटल झालं. व्हीएचएसची कॉपी काढली की दर कॉपीला चित्र फिकट व्हायचं. डीव्हीत ती कटकट संपली. कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्यात फायरवायरची केबल जोडली की टेपवरचा डेटा जसाच्या तसा कॉम्प्युटरमध्ये उतरायचा. घोडं अडायचं ते जागेपाशी. डीव्हीला तासाला सुमारे १३ जीबी लागायचे. ॲपलने १९९९ मध्ये ‘आयमॅक डीव्ही’ आणला, सोबत एडिटिंगसाठी आयमूव्ही दिलं. घरबसल्या फिल्म बनवा, असा सगळा थाट. पण त्या मशीनची हार्ड डिस्क होती १० जीबीची! एक तासाची मिनीडीव्ही (डीव्हीची छोटी कॅसेट) टेपसुद्धा तिच्यात पूर्ण मावत नव्हती. विंडोजवाल्यांचं दुखणं वेगळं. फॅट३२ या फाइल मांडायच्या पद्धतीच्या डिस्कवर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जायची नाही, त्यामुळे विसावं मिनिट गाठायच्या आतच तिची मर्यादा संपायची.

त्यात एडिटिंगची स्वतःची भूक. टाइमलाइनवर क्लिप कापली म्हणून डिस्कवरची मूळ फाइल लहान होत नाही. कापलेला भाग फक्त दिसेनासा होतो. प्रत्येक ट्रान्झिशन, प्रत्येक टायटल रेंडर झालं, म्हणजे त्याचं अंतिम चित्र तयार झालं, की त्याची वेगळी फाइल. डीव्हीडी करायची म्हटलं की डीव्हीडीसाठी आकुंचित (एन्कोड) केलेली एमपेग-२ फाइल, आणि बर्न करण्याआधी डिस्क इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, बनवली तर तीही. तासाभराच्या फिल्मचा प्रोजेक्ट असा वीस जीबीच्या पुढे सहज जायचा. ऐन बर्नच्या वेळी ‘जागा अपुरी’ असा मेसेज झळकायचा तो त्यामुळेच.

घरी डीव्हीडी लिहिण्याची सोय झाली २००१ मध्ये. डीव्हीडी-आर ही लिहिता येणारी डिस्क त्याआधी, १९९७ मध्येच आली होती. पण तेव्हाच्या डिस्कमध्ये ३.९५ जीबी मावायचे आणि रेकॉर्डरची किंमत हजारो डॉलर, म्हणजे तो धंदेवाईक स्टुडिओंचा मामला. पायोनियरच्या डीव्हीआर-ए०३ ड्राइव्हने हे काम घरच्या टेबलावर आणलं. ॲपलने तोच ड्राइव्ह ‘सुपरड्राइव्ह’ म्हणून बसवला आणि जोडीला डीव्हीडी बनवायचं आयडीव्हीडी हे सॉफ्टवेअर दिलं. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असे; कॉम्प्युटर मात्र ४.३८ दाखवी. कंपनी हजारात मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ मध्ये, एवढाच तो घोळ. बर्न चालू असताना डेटाचा पुरवठा क्षणभर खंडला की डिस्क वाया जायची. २००० च्या सुमारास आलेल्या सान्योच्या बर्न-प्रूफसारख्या तंत्रांनी तो ताप कमी केला, तरी बर्न चालू असताना माउसला हात न लावणारे पुढेही बरेच होते.

खरी गोम मात्र वेगळीच होती. डीव्हीमध्ये चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट मिळतात. तीच दोन तासांची फिल्म एका डीव्हीडीत बसवायची तर जेमतेम पाच. शिवाय डीव्हीतली प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, तर एमपेग-२ मध्ये बऱ्याच फ्रेम शेजारच्या फ्रेमच्या आधाराने उभ्या राहतात. त्यामुळे पुन्हा एडिटिंगला बसलं की त्रास. थोडक्यात, डीव्हीडी ही दाखवायची प्रत होती, जपायची नव्हे. लोकांनी मात्र तिलाच मूळ मानलं आणि प्रोजेक्ट डिलीट केला. टेप जपून ठेवली असेल तर फारसं बिघडलं नाही. तिच्यावर पुढचा समारंभ शूट केला असेल, तर मूळ चित्रण कायमचं गेलं. २००६ मध्ये एव्हीसीएचडी ही टेपविना चित्रण साठवायची पद्धत आली, हळूहळू कॅमेऱ्यातून टेप हद्दपार होऊन तिच्या जागी मेमरी कार्ड आलं, आणि कार्ड रिकामं करणं म्हणजेच मूळ पुसणं झालं.

डिस्कही चिरंजीव नव्हती. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत लेझरची खूण सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर उमटते. ऊन आणि उष्णता त्या थराचे वैरी. पुढे ड्राइव्हच दिसेनासे झाले. २००८ चा मॅकबुक एअर डिस्क ड्राइव्हशिवायच आला, २०१२ च्या विंडोज ८ मधून डीव्हीडी मेकर हा डीव्हीडी बनवायचा प्रोग्राम वगळला गेला. सोनीने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे आणि मिनीडीव्ही टेप, दोन्हींचं उत्पादन एकदमच थांबवलं.

आता प्रवास उलटा चालू आहे: डिस्कवरून पुन्हा हार्ड डिस्ककडे. फोनच्या दहा-बारा मिनिटांच्या फोरके चित्रणाला जेवढी जागा लागते, तेवढ्यात एक अख्खी डीव्हीडी मावते, म्हणजे जागेचं कारण उरलेलं नाही. तरीही पुष्कळजण कॉपी करताना ती आणखी आकुंचित करून ठेवतात. तसं करू नये. डीव्हीडीवरचं व्हिडिओ_टीएस (VIDEO_TS) हे फोल्डर, त्यातल्या व्हिडिओच्या एकेक जीबीच्या व्हीओबी (VOB) तुकड्यांसकट, आहे तसंच उचलावं किंवा सरळ डिस्क इमेज करावी. एमपेग-२ मध्ये आधीच पाचव्या हिश्श्यावर आलेल्या चित्रावर पुन्हा कात्री चालवायचं काहीच कारण नाही. आणि कपाटात कुठे मूळ टेप सापडलीच, तर डिस्क बाजूला ठेवून आधी टेप उतरवून घ्यावी, कारण ती चालवणारे कॅमेरेही आता मोजकेच उरलेत.