नवजात बाळाचे रात्रीचे दूध : दोन पाजण्यांमधील अंतर

रात्री बाळाला दुधाविना किती वेळ राहू द्यावे, हे पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्या वजनावरून ठरते. बाळ गाढ झोपले आहे म्हणजे त्याचे पोट भरले आहे, असे या वयात धरता येत नाही.

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा अंगावर पाजावे लागते. जन्मानंतर बाळाचे वजन काहीसे उतरते (७ टक्क्यांपर्यंत सहसा काळजी नसते, १० टक्क्यांच्या पुढे तपासणी हवीच) आणि १० ते १४ दिवसांत भरून येते. तोवर रात्रीही ४ तासांहून मोठा खंड पडू देत नाहीत. झोपलेल्या बाळाला उठवून पाजतात. अंतर मोजतात ते एका पाजण्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत. त्यामुळे ‘दर तीन तासांनी’ म्हटले तरी पाजणे, ढेकर काढणे आणि लंगोट बदलणे यांत तासभर जातो व आईच्या वाट्याला दोनच तासांची झोप येते.

पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभर चीक पिते. शिवाय आईचे दूध लवकर पचते. पावडरचे दूध पोटात अधिक वेळ राहते, म्हणून त्यावरच्या बाळाचे अंतर ३ ते ४ तासांचे असू शकते.

खरी अडचण झोपाळू बाळाची. दूध कमी पडले की बाळ मलूल होते, मलूल झाले की आणखी कमी ओढते. कावीळ असेल तर हे चक्र अधिक घट्ट होते, कारण बिलिरुबिन (काविळीत रक्तात साचणारे पिवळे द्रव्य) शीवाटे बाहेर पडते आणि दूध कमी तर शीही कमी. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा मधुमेही आईचे बाळ असेल तर रक्तातील साखर उतरण्याची भीती असते. त्याचे वेळापत्रक डॉक्टर ठरवून देतात आणि ते बहुधा ३ तासांच्या आतलेच असते.

उठवायचे तर पापण्यांखाली डोळे हलताना, ओठ चाळवताना उठवावे. गाढ झोपेतले बाळ स्तन तोंडात धरूनही ओढत नाही. दुपटे सोडावे, लंगोट बदलावा, बाळाला उघड्या छातीशी धरावे, तळपाय चोळावेत. मंद दिवा पुरतो. मात्र पाजताना डोळा लागेल असे वाटत असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नये. बाळ गुदमरण्याचा धोका तिथे फार असतो.

मोठ्या खंडाचा परिणाम दुधावरही होतो. स्तन भरलेले राहिले की दूध बनणे मंदावते, आणि दाटून कडक झालेला स्तन बाळाला नीट तोंडात धरता येत नाही.

जन्माचे वजन भरून आले, पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढू लागले आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, की रात्री उठवणे थांबवता येते. मग बाळ स्वतःहून एखादी ४-५ तासांची झोप काढते. त्याआधी संध्याकाळी ते तासा-तासाला पिण्याचा हट्ट धरते, त्यावरून दूध आटले असा अर्थ काढू नये. झोप लांबावी म्हणून दुधात पेज किंवा जास्तीची पावडर मिसळणे घातक आहे. दाट दुधाचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

पाचव्या दिवसानंतर २४ तासांत ६ पेक्षा कमी वेळा शू, लंगोटावर विटकरी डाग, खोल गेलेली टाळू, पायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप, किंवा उठवूनही लागोपाठ दोनदा न पिणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रात्रीच डॉक्टरांकडे न्यावे.