फुकट, मोफत, मुक्त आणि उचित : सीमाभागातील लिनक्स-शिक्षणाची पार्श्वभूमी

विंडोज १० या आवृत्तीचे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि तिच्या पुढची आवृत्ती टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था नसलेल्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील घरांत, डीटीपी सेंटरांत आणि उद्यमबागेतील लहान कारखान्यांच्या कचेऱ्यांत असलेले कितीतरी जुने, पण धडधाकट संगणक एकाएकी कालबाह्य ठरले. त्यांतल्या काहींवर आता लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मुक्त संगणक-प्रणाली चढते आहे आणि ज्यांनी आजवर ही प्रणाली पाहिलेली नाही अशी माणसे ती शिकू पाहत आहेत. सीमाभागात नवशिक्यांची अशी लाट यापूर्वीही आली होती आणि ओसरलीही होती. ती ओसरण्याचे कारण विचारले की 'लिनक्स अवघड आहे, त्यात कमांड द्याव्या लागतात' हे उत्तर ठरलेले असते. ते पूर्ण खोटे नाही; परंतु या भागातील मराठी माणूस ज्या ठिकाणी खऱ्या अर्थाने अडला, ते ठिकाण कमांडचे नसून अक्षरांचे होते, आणि तो लिनक्सकडे वळला त्यामागेही किंमत हे कारण क्वचितच होते.

दूरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुक्त प्रणाली घडवण्याचा प्रकल्प १९८३ मध्ये अमेरिकेत जाहीर झाला आणि तिला लागणारा गाभा, म्हणजे कर्नल, १९९१ मध्ये फिनलंडमधील एका विद्यार्थ्याने लिहिला; त्याचेच नाव लिनक्स. त्याच १९९१ मध्ये युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीच्या सामायिक संगणक-संकेतांची, पहिली आवृत्ती निघाली आणि भारतीय लिप्यांच्या संकेतांचे इस्की हे राष्ट्रीय मानकही मंजूर झाले. लिनक्स आणि देवनागरी एकाच वर्षी मार्गाला लागल्या असे म्हणायला हरकत नाही, मात्र त्यांची धड गाठ पडायला दहा-बारा वर्षे जावी लागली. बेळगावात १९९८ मध्ये कर्नाटक राज्याच्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आले. पुढे अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांतून युनिक्सचे धडे लिनक्सवर गिरवले जाऊ लागले, पण ते परीक्षेपुरते. प्रयोगशाळेत लिनक्स आणि वसतिगृहात विंडोज ही विभागणी विद्यार्थ्यांनी निमूटपणे मान्य केली होती.

घरात लिनक्स शिरले ते २००५ नंतर. त्या वर्षी सरकारी दूरसंचार कंपनीची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. तिच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री २ ते सकाळी ८ या वेळात कितीही उतरवून घेण्याची मुभा होती. सुरुवातीच्या २५६ केबीपीएस वेगाने या सहा तासांत, एकदाही खंड न पडता, जेमतेम ६९० एमबी उतरतात; आणि लिनक्सची सीडी भरते सुमारे ७०० एमबीची. म्हणजे गजर लावून दोनला उठणाऱ्याचीही शेवटची काही एमबी दुसऱ्या रात्रीवर जात. मध्येच वीज गेली आणि डाउनलोड मॅनेजर नसला, तर सारे पहिल्यापासून. यावर तोड होती ती टपालाची. लिनक्सची उबुंटू ही आवृत्ती २००४ च्या ऑक्टोबरमध्ये आली होती आणि तिचे निर्माते मागणी नोंदवणाऱ्याला, टपालखर्चही न घेता, घरपोच सीडी पाठवत. परदेशी शिक्क्यांचे ते पाकीट येईपर्यंत कित्येक आठवडे जात. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावी ते आले की पोस्टमन आत काय आहे हे विचारल्याशिवाय जात नसे. ही सोय २०११ मध्ये बंद झाली. या सहा वर्षांत शिकलेली पिढीच पुढे इतरांना शिकवणारी ठरली, त्यामुळे तिच्या सवयी आणि तिचे गैरसमज आजच्या नवशिक्यांपर्यंत पोहोचलेले दिसतात.

गैरसमजांत सर्वांत चिवट आहे तो नावाचा. अशा प्रणालींना मूळ इंग्रजीत 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणतात आणि त्यातल्या 'फ्री' या शब्दाला दोन अर्थ आहेत, स्वतंत्र आणि विनामूल्य. असे सॉफ्टवेअर घडवणाऱ्या चळवळीला त्यांपैकी पहिला अभिप्रेत होता : प्रणाली हव्या त्या कामासाठी वापरण्याचे, तिचा अभ्यास करून ती बदलण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि बदललेल्या प्रतीही वाटण्याचे स्वातंत्र्य. ही चार स्वातंत्र्ये शून्यापासून तीनपर्यंत मोजली जातात, हा संगणकवाल्यांचा खास विनोद. 'फ्री' म्हटले की व्यापारी बिचकतात, म्हणून १९९८ मध्ये एका गटाने 'ओपन सोर्स' हा दुसरा शब्द पुढे केला. त्यावर पहिल्या गटाने 'यात स्वातंत्र्याचा मुद्दाच वगळला' असा आक्षेप घेतला, आणि तो वाद आजही मिटलेला नाही.

मराठीत हा वाद त्या रूपात उभाच राहत नाही. 'मुक्त' या शब्दात बंधनातून सुटलेला आणि सर्वांसाठी उघडा, हे दोन्ही अर्थ नांदतात. महाराष्ट्रातल्या मुक्त विद्यापीठाचे नाव घेताना आपल्याला त्यात काही संदिग्ध वाटत नाही, आणि कर्नाटकानेही आपल्या तशाच विद्यापीठासाठी हाच शब्द वापरला आहे. 'मुक्तस्रोत' म्हटले की इंग्रजीतले दोन्ही गट एका शब्दात बसतात. जो घोटाळा आपल्याकडे झाला तो 'मुक्त' आणि 'मोफत' यांच्यामध्ये, आणि सीमाभागात त्यात कन्नडची भर पडली. कन्नडमध्ये विनामूल्य या अर्थाचा शब्द आहे 'उचित'. २०२३ च्या जूनपासून राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून मिळणारा विनामूल्य प्रवास हा 'उचित प्रयाण' असतो. मराठीत मात्र उचित म्हणजे योग्य, रास्त. सॉफ्टवेअरला कन्नडमध्ये 'तंत्रांश' म्हणतात. तेव्हा 'मुक्त मत्तु उचित तंत्रांश' हे शब्द कानावर पडले की कन्नड कच्चे असलेला मराठी विद्यार्थी त्यातून 'मोकळे आणि योग्य' असा अर्थ काढतो. अर्थ चुकतो खरा, पण चळवळीच्या प्रवर्तकांना तो मूळ अर्थापेक्षा अधिक आवडला असता.

'मोफत' या शब्दाने केलेले नुकसान असे गमतीचे नाही. लिनक्सचा प्रचार करणाऱ्यांनी आपल्याकडे प्रथमपासून 'हे मोफत आहे' हाच मुद्दा पुढे केला. आता बेळगावातल्या २००५ ते २०१२ मधल्या ग्राहकाची बाजू पाहावी. तो दुकानातून सुटे भाग जोडलेला संगणक घेई. त्यात विंडोजची चोरटी प्रत, अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर आणि चार खेळ दुकानदार स्वतःच घालून देई, आणि त्याचे वेगळे पैसे कोणी मागत नसे. त्याच्या लेखी विंडोजही फुकटच होते. ज्याला दोन्ही फुकट, त्याला एक मोफत आहे हे सांगून काय मिळवले? उलट, फुकट मिळते ते कमअस्सल असणार, ही शंका मात्र लिनक्सलाच चिकटली, कारण विंडोजची किंमत बाजारात छापलेली होती आणि लिनक्सची छापलेलीच नव्हती. प्रती वाटणे हा लिनक्समध्ये परवान्याने दिलेला हक्क आहे आणि दुकानदार करतो ती चोरी आहे, हा फरक सांगायचा राहून गेला. शाळांत आणि शिबिरांतही तो फारसा सांगितला गेला नाही, आणि माझ्या मते पहिली लाट ओसरण्याच्या कारणांत या चुकीचा वाटा मोठा आहे.

याच शब्दाची दुसरी बाजूही नवशिक्यांना भोवली. डेबियन ही लिनक्सची आवृत्ती काढणाऱ्या काटेकोर प्रकल्पाने 'मुक्त' या शब्दाचा अर्थ इतका कसोशीने पाळला की वाय-फायच्या चिपला लागणारे बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर, अधिकृत सीडीत घालायचे नाही, असे धोरण ठेवले. तत्त्व निर्मळ होते. परंतु ज्याने पहिल्यांदाच डेबियन बसवले, त्याला वाय-फाय चालत नाही एवढेच दिसे, आणि ते चालवण्यासाठी लागणारी फाइल इंटरनेटवरून घ्या असे सांगितले जाई. प्रकल्पाच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान करून हे धोरण बदलले आणि २०२३ च्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर सोबतच येऊ लागले. काहींना ही माघार वाटली, परंतु शिकवणाऱ्यांचा पहिल्या दिवसाचा निम्मा त्रास तिने वाचवला.

आता अक्षरांकडे. युनिकोड रुळण्याआधी मराठी अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर चाले, आणि कर्नाटकातील सरकारी कामकाजात कन्नडसाठी 'नुडी' वापरात होते. दोन्ही विंडोजशी बांधलेली. त्यांच्या जुन्या फाइलींत 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेले नसे. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि विशिष्ट फॉन्ट लावला तरच त्या तुकड्यांचे अक्षर दिसे. बेळगावातल्या शहापूरच्या एखाद्या डीटीपी सेंटरमध्ये लिनक्सवर लग्नपत्रिकेची जुनी फाइल उघडली की काय होई, हे ज्याने पाहिले तो विसरत नाही. वरच्या ओळीत 'श्री गणेशाय नमः' असायला हवे तिथे स्वरचिन्हे लावलेली रोमन अक्षरे, एक पौंडाचे चिन्ह आणि दोन चौकोन. वधूच्या नावाचीही तीच गत. आयुष्याची दहा-पंधरा वर्षे ज्या फाइलींत आहेत, त्या ज्या प्रणालीत वाचता येत नाहीत, ती प्रणाली कितीही मुक्त असली तरी तो माणूस दुसऱ्या दिवशी विंडोजवर परतणारच. परतणाऱ्यांना 'शिकण्याची तयारी नाही' असे म्हटले गेले, ते अन्यायाचे होते. हिशेबनिसांचे टॅलीही विंडोजवरच चालते, त्यामुळे पेढ्यांमध्ये तर प्रश्नच मिटला.

ज्यांनी युनिकोडपासूनच सुरुवात केली त्यांची वाट सुकर होती, निर्वेध नव्हती. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. प्रारंभीच्या बहुतेक देवनागरी फॉन्टांत ती हिंदी धाटणीचीच दिसत आणि फॉन्टमध्ये मराठीसाठी निराळी सोय होईपर्यंत मराठी शाळांतल्या शिक्षकांना ती खटकत राहिली. दुसरी अडचण 'ऱ्य' ची. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ या क्रमाने 'ऱ्य' उमटतो, पण हे कोणी दाखवल्याशिवाय कळत नाही. मेनूंचे मराठी भाषांतर अपुरे राहिल्याने अर्धा पडदा मराठी आणि अर्धा इंग्रजी असा देखावा आजही असतो, म्हणून बहुतेक शिकवणारे पडदा इंग्रजीतच ठेवून केवळ लिहिण्यापुरती मराठी शिकवतात.

लिहिण्याच्या बाबतीत सीमाभागाला एक फायदा आहे, तो मात्र कोणी सांगितला नाही. इन्स्क्रिप्टमध्ये भारतीय लिप्यांना एकच मांडणी आहे, म्हणजे जी कळ देवनागरीत 'क' देते तीच कन्नडमध्येही 'क' देते. शिफ्टसह डी, मग के, डी, के आणि शेवटी ई दाबले की देवनागरीत 'अक्का' उमटते. भाषा बदलून शेवटची ई तेवढी वगळली की कन्नड लिपीत कन्नड 'अक्क' तयार होते. मराठी माध्यमात शिकून कन्नडही लिहावे लागणाऱ्या मुलाला दोन लिप्यांसाठी बोटांची एकच सवय पुरते. ज्यांना उच्चारानुसार टंकन हवे असते त्यांना लिनक्सच्या कळफलकांच्या यादीत मराठीखाली 'कगप' नावाची मांडणी सापडते. ही तीन आद्याक्षरे कन्नड संगणकांसाठी झटणाऱ्या एका परिषदेची आहेत. तिची कन्नड मांडणी मराठीलाही लावली गेली आणि नाव तेच राहिले. दोन्ही बाजूंच्या फलकांवरून इतके वाद झालेल्या भूमीत मराठी टंकनाची एक मांडणी कन्नड संस्थेच्या नावाने ओळखली जाते, ही गोष्ट इथल्या फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे. निवडलेल्या भाषेपुढे यादीत 'मराठी, भारत' एवढेच असते. राज्य विचारले जात नाही.

विंडोज एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी संपले, त्या दोन्ही वेळी लिनक्सकडे वळणारे वाढले. दुसऱ्या वेळी पाठोपाठ टाळेबंदी आली आणि घरातला एकमेव जुना संगणक मुलांच्या ऑनलाइन वर्गासाठी चालू ठेवणे भाग पडले, तेव्हा हलक्या आवृत्त्यांना मागणी आली. दरम्यान केंद्र शासनाने २०१५ मध्ये सरकारी कामांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले होते. मुंबईतील एका केंद्रीय तंत्रशिक्षण संस्थेने लिनक्स आणि लिबरऑफिस या कार्यालयीन कामाच्या मुक्त सॉफ्टवेअरचे बोलके धडे मराठीत आणि कन्नडमध्येही आणले. ज्या केरळने शाळांतूनच मुक्त सॉफ्टवेअर शिकवले, तिथली परिस्थिती निराळी आहे. इथल्या मराठी शाळांपर्यंत तसे काही सलगपणे पोहोचले नाही.

आज येणारे नवशिके तरुण आहेत. जुन्या फॉन्टांच्या फाइलींचे ओझे त्यांच्याकडे नाही आणि बरीचशी कामे ब्राउझरमध्येच होतात. त्यांच्या अडचणी लहान आहेत, पण ठरलेल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड देण्याच्या खिडकीत, पासवर्ड टाइप करताना बऱ्याच आवृत्त्यांत पडद्यावर ठिपकाही उमटत नाही, तेव्हा की-बोर्ड बिघडला असे वाटते. भाषा मराठीवर राहून गेली की तोच पासवर्ड चुकीचा ठरतो, आणि टर्मिनलमध्ये देवनागरीच्या मात्रा अजूनही विस्कटतात. प्रणाली बसवताना 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय न वाचता निवडून डी ड्राइव्हमधले लग्नाचे फोटो घालवणारा एक तरी जण प्रत्येक शिबिरात असतोच. म्हणून आता काही शिकवणारे पहिल्या दिवशी काहीही बसवत नाहीत. पेन ड्राइव्हवरून संगणक चालू करायचा, भाषा बदलून आपले नाव दोन्ही लिप्यांत लिहायचे आणि पेन ड्राइव्ह काढून घरी जायचे, एवढाच तो धडा असतो.