लाइनीतले घर आणि केरळची गाडी

आसामच्या चहामळ्यांत हंगामी मजुराला ‘फालतू’ म्हणतात. शिवी म्हणून नाही, हजेरीपटातला तो एक प्रकारच आहे. कायम मजुराला मळ्याच्या ‘लाइनी’त, म्हणजे मजुरांच्या खोल्यांच्या रांगेत, घर मिळते, फालतूला पाती फुटते त्या महिन्यांपुरते काम. पुष्कळदा हा फालतू त्याच घरात, कायम मजुराचा मुलगा किंवा सून म्हणून राहत असतो. या लाइनींतली तरुण पोरे आज केरळ-बेंगळुरूची गाडी का धरतात, हे कळायला या घरापासून सुरुवात करावी लागते.

आसाम कंपनी १८३९ मध्ये निघाली तेव्हा मळ्यांना माणूस मिळेना. चिनी कारागीर आणून पाहिले, ते टिकले नाहीत. स्थानिक कछारी जमातीचे मजूर यायचे, पण त्यांची शेती होती. पटले नाही की घरी जायचे. १८५९ मध्ये त्यांनी पगारासाठी संपही केला. मळेवाल्यांना घरी जाऊ न शकणारा मजूर हवा होता, आणि तो छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओडिशातल्या नाडलेल्या गावांतून आणला गेला: मुंडा, उरांव, संथाळ, खडिया. (छोटा नागपूर म्हणजे आजच्या झारखंडाचा पठारी मुलूख. आपल्या नागपूरशी त्याची गल्लत करू नये.) भरती करणारा दलाल म्हणजे ‘अरकाटी’. ऊसतोडीचा मुकादम आणि त्याची उचल ज्याने पाहिली, त्याला अरकाटी समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की कारखान्याचा पट्टा पडला की आपली टोळी गावी परतते.

इथे परतण्याची सोय नव्हती. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत सुमारे ८५ हजार माणसे आसामात उतरवली गेली आणि त्यांतली सुमारे ३० हजार १८६६ च्या मध्यापर्यंत दगावली. हे मृत्यू चालू असतानाच इलाज म्हणून आलेल्या १८६५ च्या कायद्याने महिन्याची मजुरी ठरवली: पुरुषाला ५ रुपये, बाईला ४, मुलाला ३. त्याच कायद्याने मळेवाल्याला पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय पकडायचा अधिकार दिला. संरक्षण आणि बेडी एकाच कागदावर! हा खासगी अटकेचा अधिकार जायला १९०८ उजाडले.

मे १९२१ मध्ये चरगोला खोऱ्यातल्या हजारो मजुरांनी ‘मुलुक चलो’ म्हणत मळे सोडले. करीमगंजपर्यंत पायी, पुढे रेल्वेने आज बांगलादेशात असलेल्या चांदपूरच्या स्टीमर धक्क्यापर्यंत ते पोचले. २० मेच्या रात्री तिथल्या स्थानकात झोपलेल्या लोकांवर गुरखा शिपाई सोडले गेले, पाठोपाठ पटकीची साथ आली. पाठिंब्यासाठी रेल्वे आणि स्टीमरच्या कामगारांनी संप केला.

स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मळा कामगार कायद्याने घर, पाणी, दवाखाना, पाळणाघर देणे मालकावर बंधनकारक केले. कायदा चांगला होता, पण घर नोकरीला बांधलेले राहिले आणि घर-शिधा दाखवून रोख मजुरी कमी ठेवायची सबबही मिळाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही मजुरी ब्रह्मपुत्रा खोऱ्यात दिवसाला २५० रुपये झाली, बराक खोऱ्यात २२८. चरगोला या बराकमध्येच येते.

दक्षिणेत बांधकामावर किंवा कारखान्यात यापेक्षा बरीच जास्त हजेरी पडते. म्हणून पोरगा जातो. पण घरातल्या कुणीतरी कायम हजेरीवर राहिलेच पाहिजे, नाहीतर लाइनीतली खोली जाते. बहुतेक घरांत ते काम आईकडे किंवा सुनेकडे येते. पहाटे मीठ घातलेला काळा चहा पिऊन ती डोक्याला टोपली लावून निघते. काट्यावर वजन होते तेव्हा टोपलीचे आणि पानांवरच्या पाण्याचे म्हणून काही किलो वजा करतात. ती बघत उभी राहते.