खांदेरीचा दिवा आणि नागपूरचं ऊन

अलिबागहून परत येताना, विदर्भ एक्स्प्रेसमध्ये, भाचीने विचारलं, "मामा, खांदेरीच्या दीपगृहाचा तो दिवा आपल्याला नागपुरातून काहून दिसत नाही?"

वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. थळच्या किनाऱ्यासमोरचं खांदेरी बेट ते नागपूर हे सरळ रेषेतलं अंतर ७०० किलोमीटरच्या थोडं वर भरतं. मधे सह्याद्री नाही, पठार नाही, सगळं समुद्रासारखं सपाट आहे असं धरलं, तरी पृथ्वीच्या गोलाईवरून डोकावायला तो दिवा सुमारे ४० किलोमीटर उंचीवर टांगावा लागेल. एव्हरेस्टच्या साडेचारपट. "मग राहू दे," ती म्हणाली आणि पुन्हा चिवड्याकडे वळली.

माझ्या मात्र ते गणित डोक्यातून जाईना. त्याचं सूत्र सोपं आहे: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. जे येईल तितके किलोमीटर तुमचं क्षितिज. समुद्रापासून ५० मीटर उंचीवरच्या दिव्याचं क्षितिज २५ किलोमीटरवर. जहाजावर ९ मीटर उंचीवर उभ्या असलेल्या खलाशाचं जवळपास ११ किलोमीटरवर. दोन्ही मिळून ३६ किलोमीटरवरून त्याला दिवा दिसू लागतो. पण वर्गमूळ मोठं कंजूष असतं. क्षितिज दुप्पट लांब न्यायचं तर उंची चौपट लागते. मग किनाऱ्यावर मनोरा वाढवत बसण्यापेक्षा तो मनोराच उचलून समुद्रात पुढे नेऊन ठेवलेला बरा, आणि तिथे आयती टेकडी असली तर सोन्याहून पिवळं.

खांदेरीवर टेकडी आहे. ही जागा हेरली ती मात्र दिव्यासाठी नव्हे. १६७९ मध्ये, पावसाळा सरता सरता, शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारींनी इथे किल्ल्याचं काम सुरू केलं. मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांवर इथून नजर ठेवता येत होती. इंग्रजांनी जहाजं पाठवून बेट वेढायचा प्रयत्न केला, चकमकी झाल्या, माणसं पडली, पण बांधकाम थांबलं नाही. सिद्दीने मग शेजारचं उंदेरी बेट बळकावून तिथून तोफा डागल्या. तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

त्याच बेटावर १८६७ मध्ये इंग्रजांनी दीपगृह उभारलं. ज्या खडकावरून मुंबईत येणारी-जाणारी जहाजं मराठ्यांना दिसायची, त्याच खडकावरचा दिवा आता त्या जहाजांना दिसू लागला. यात योगायोग नाही. प्रकाश ज्या वाटेने येतो, त्याच वाटेने उलटा जाऊ शकतो. जिथून दूरचं दिसतं, ते ठिकाण दुरूनही दिसतं. पहाऱ्याची चांगली जागा दिव्यालाही चांगलीच असणार. (बेटाचं नाव आता कान्होजी आंग्रे बेट आहे, आणि २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत खांदेरीही आहे. थळचे कोळी मात्र खांदेरीच म्हणतात.)

उंचीचा प्रश्न बेटाने सोडवला, तरी उजेडाचा उरतोच. तेलाच्या वातीचा प्रकाश चहूकडे उधळतो. थोडा आकाशात, थोडा पायाशी, थोडा मागे. जहाजाच्या वाट्याला येते ती चिमूटभर. मागे आरसा लावला तर काही प्रकाश तो आरसाच गिळतो. मोठं भिंग लावावं, तर ते मध्यभागी इतकं जाड होतं की वजन पेलवत नाही आणि प्रकाश काचेतच अडतो.

वाट काढली ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रान्सच्या सरकारी रस्तेबांधणी इंजिनियरने. प्रकाश वळतो तो काचेत शिरताना आणि बाहेर पडताना, म्हणजे पृष्ठभागावर. मधल्या पोटातली काच नुसती ओझं. मग ते पोट काढूनच टाकायचं आणि वक्र पृष्ठभागाच्या कडा तेवढ्या, एकात एक कड्यांसारख्या, पायऱ्यापायऱ्यांनी मांडायच्या. असं भिंग १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहावर लागलं. तेही समुद्रातल्या खडकावरच आहे. पुढे वर-खाली निसटणारा उजेडही त्रिकोणी काचांनी वळवून क्षितिजाकडे लावला. खांदेरीचा मनोरा उभा राहिला तोवर ही भिंगं दीपगृहांत सर्रास दिसत होती. सर्वांत मोठ्या दर्जाच्या भिंगात ज्योतीपासून काच ९२ सेंटिमीटरवर असते, म्हणजे आत माणूस सहज उभा राहतो.

अशा दिव्यात ज्योत लुकलुकत नाही, भिंग फिरतं. जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं साखळीला वजन टांगलेलं असायचं, ते मनोऱ्यात हळूहळू उतरायचं, आणि दिवेकऱ्याने रात्रीतून पुन्हा पुन्हा चावी द्यायची. झोत किती सेकंदांनी येतो हे मोजून खलाशी दीपगृह ओळखत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही ठिकाणी ही टनावारी भिंगं पाऱ्यावर तरंगत ठेवली, ती बोटाने ढकलली तरी फिरत. पाऱ्याची वाफ बंद खोलीत रात्र रात्र ओढणाऱ्या दिवेकऱ्यांच्या प्रकृतीचा विचार मात्र फार उशिरा झाला.

दिवसा भिंगाभोवती पडदे ओढायचे, हा दिवेकऱ्यांचा जुना नियम. कारण पुन्हा तेच, उलटी वाट. रात्री ज्योतीचे किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर जातात. दिवसा सूर्याचे समांतर किरण उलटे आत शिरतात आणि बरोबर ज्योतीच्या जागी एकवटतात. भिंग थांबलेलं असलं तर दिव्याचे सुटे भाग वितळू शकतात, आगही लागू शकते.

हे नागपूरकराला वेगळं समजवायला नको. बारीक अक्षर वाचायला प्लास्टिकचं एक चपटं, पानासारखं भिंग मिळतं. त्यावर नख फिरवलं की गोल रेषा लागतात. त्या फ्रेनेलच्याच पायऱ्या. भाचीने ते मे महिन्यात, दुपारी बाराला, गच्चीवर वर्तमानपत्रावर धरलं. कागदाला भोक पडायला काही क्षणच लागले. तिने लगेच आजीला हाक मारली. आजी आली ती लाटणं घेऊनच.

ते भिंग आता कापडी पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. गच्चीवर विसरलं, तर वाळत घातलेल्या कुरडयांचं काही खरं नाही.