जाळीदार रेटिकल

जाळीदार रेटिकल : लांब पल्ल्याच्या रायफलीवरील दुर्बिणीतून (स्कोपमधून) पाहताना लक्ष्यावर उमटलेली दिसणारी, मध्यबिंदूच्या खाली उभ्या-आडव्या खुणांनी भरलेली कोनमापक आकृती. साध्या फुलीत नेम धरण्यासाठी एकच बिंदू असतो. जाळीत असे अनेक बिंदू असल्याने अंतरामुळे होणारी गोळीची घसरण आणि वाऱ्यामुळे होणारे तिचे वाहवणे या दोहोंची भरपाई स्कोपवरील नेम सरकविण्याचे चक्र (टरेट) न फिरवता करता येते. खुणा बहुधा मिलिरेडियनमध्ये (मिल), क्वचित कोनीय मिनिटांत (एमओए; एका अंशाचा साठावा भाग) आखलेल्या असतात. सगळीकडे सारखीच दाट असणारी पूर्ण जाळी आणि खाली जाताना रुंदावणारी ‘ख्रिसमस ट्री’ असे तिचे दोन मुख्य प्रकार आहेत.

उगम : दुर्बिणीच्या नाभीप्रतलात (जेथे वस्तूची प्रतिमा तयार होते त्या पातळीत) धागा ताणला की तो आणि दूरची वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसतात. हे प्रथम कोणाच्या लक्षात आले, याबद्दल सतराव्या शतकापासून वाद आहे. इंग्रज खगोलनिरीक्षक विल्यम गॅस्कॉइन (सु. १६१२–४४) याच्या दुर्बिणीच्या नळीत कोळ्याने धागा ओढला व त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे त्याच्या गणितज्ञ विल्यम ऑट्रेड याच्याशी झालेल्या पत्रव्यवहारावरून दिसते. या घटनेचे वर्ष १६३८ ते १६४१ यांच्या दरम्यान निरनिराळे दिले जाते. इंग्लंडच्या यादवी युद्धातील मार्स्टन मूरच्या लढाईत (१६४४) गॅस्कॉइन मारला गेला. तोवर त्याने काहीही छापले नव्हते. १६६६ च्या सुमारास फ्रान्समधील आद्रियाँ ओझू याने आपल्या सूक्ष्ममापकाची (दुर्बिणीतून लहान कोन मोजण्याच्या उपकरणाची) माहिती लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविली, तेव्हा रिचर्ड टाउनली याने गॅस्कॉइनचे उपकरण पुढे आणून अग्रक्रमाचा दावा केला (१६६७). रॉबर्ट हूक याने त्या उपकरणाची आकृती व वर्णन दिले. इंग्रजी संदर्भग्रंथांत गॅस्कॉइनला मिळालेले मानाचे स्थान मुख्यतः या वादातून आले आहे.

मात्र गॅस्कॉइनच्या सूक्ष्ममापकात स्क्रूने जवळ-दूर सरकणाऱ्या दोन पट्ट्या होत्या, जाळी नव्हती. क्रिस्तियान हायगेन्झ याने १६५९ मध्ये वर्णन केलेली निमुळती पट्टीही जाळी म्हणता येत नाही. त्यामुळे जाळीपुरता विचार केला तर इटलीकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. एउस्ताकिओ दिव्हिनी याने १६४९ च्या आपल्या चंद्रनकाशासाठी दुर्बिणीच्या नेत्रिकेत (डोळ्याकडील भिंगात) धाग्यांची जाळी वापरली, असे मानले जाते. बोलोन्याचा सरदार कोर्नेलिओ मालवासिया याने १६६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पंचांगात चांदीच्या बारीक तारांची जाळी व ती वापरण्याची रीत, अशी दोन्हींची माहिती आहे. आकाशातील एखादा तारा जाळीच्या एका तारेवरून दुसऱ्या तारेपर्यंत जायला किती सेकंद घेतो, हे लंबकाच्या घड्याळावर मोजून त्याने तारांमधील कोनीय अंतर ठरविले. जेमिनिआनो मोंतानारी याचा चंद्रनकाशाही याच ग्रंथात आहे. दिव्हिनीचे काम आधीचे असले, तरी खुणांमधील कोन मोजून ठरविण्याची रीत स्पष्टपणे मांडलेली असल्याने १६६२ हे वर्ष अधिक भरवशाचे वाटते. आजच्या रेटिकलचा सारा उपयोग खुणांमधील कोन आधीपासून माहीत असण्यावरच अवलंबून आहे.

खगोलशास्त्रातील या जाळीपासून रायफलीपर्यंत थेट परंपरा दाखविता येत नाही. मधल्या काळात भूमापनाच्या दुर्बिणींतील अंतरमापक रेषा आणि तोफखान्याची कोनमापक यंत्रे येतात. अमेरिकेत १८४० च्या दशकात मॉर्गन जेम्स व जॉन चॅपमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायफल-दुर्बिणींत साधी फुलीच होती. याचे एक कारण साहित्यात सापडते. कोळ्याचा धागा किंवा धातूची तार दोन्ही टोकांना बांधावी लागते, त्यामुळे खूण या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणारी रेषाच असते. मध्येच तरंगणारा ठिपका, तुटक रेघ किंवा आकडा हवा असेल, तर काचेवर कोरीव वा प्रकाशलेखनाने उमटविलेले रेटिकल लागते. जाळीचा प्रसार काचेवरील रेटिकल रुळल्यानंतर झाला, तो यामुळे.

विसाव्या शतकातील पूर्वज : व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या मरीन कोअरने वापरलेल्या रेडफिल्ड स्कोपमध्ये १८ इंच उंचीची वस्तू मध्ये बसवून अंतर काढण्यासाठी दोन रेषा होत्या. सोव्हिएत ड्रागुनोव्ह रायफलीच्या पीएसओ-१ स्कोपमध्ये (१९६० चे दशक) मध्यबिंदूखाली आणखी तीन बाणाग्रे, दोन्ही बाजूंना आडवी मापपट्टी आणि १.७ मी. उंचीच्या माणसावरून २०० ते १,००० मी. अंतर वाचण्यासाठी एक वक्ररेषा आहे. घसरण आणि वारा यांच्या खुणा एकाच काचेवर आणण्याचा हा ठळक व आधीचा प्रयत्न म्हणता येईल. पण बाणाग्रांच्या ओळीत वाऱ्याच्या खुणा नसल्याने ती जाळी होत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मरीन कोअरमध्ये मिलडॉट (फुलीच्या रेषांवर एकेक मिलवर ठिपके असलेले रेटिकल) आले. त्यांचे ठिपके लंबगोल आणि अमेरिकी भूसेनेचे गोल, असा भेद सांगितला जातो. त्याचे मोल अर्थात ठिपक्याची कड पकडून मोजणाऱ्यालाच.

आजच्या अर्थाने जाळी रूढ केली ती कॅलिफोर्नियातील हॉरस व्हिजन या कंपनीने. तिचे संस्थापक डेनिस सॅमट यांच्या पेटंटचा अर्ज १९९७ चा व मंजुरी १९९९ ची आहे. यांपैकी कोणते वर्ष धरायचे, यावरून जन्मवर्षात फरक पडतो. प्रस्तुत नोंदीत अर्जाचे वर्ष ग्राह्य धरले आहे. पुढे या कंपनीच्या एच५८, एच५९ व ट्रेमर ३ या रचना लष्करी वापरात आल्या. अमेरिकी भूसेनेच्या एम२०१० रायफलीवरील लूपोल्ड स्कोपमध्ये एच५८ होते.

मिल म्हणजे नेमके किती : रेडियनचा हजारावा भाग हा शुद्ध मिलिरेडियन. पूर्ण वर्तुळात असे सुमारे ६,२८३ भाग बसतात. तोफखान्यांना ही संख्या गैरसोयीची वाटल्याने नाटो देशांनी ६,४००, सोव्हिएत संघाने ६,००० आणि स्वीडनने ६,३०० भाग मानले. आजचे रायफल-स्कोप शुद्ध मिलिरेडियनवर आखलेले असतात. जुन्या काही स्कोपांत ६,४०० चा मिल आढळतो. दोहोंत पावणेदोन ते दोन टक्के फरक आहे. नेम १० मिल वर धरला, तर १,००० मीटरवर हा फरक १८–१९ सेंमी. होतो. शुद्ध मिल १०० मीटरवर १० सेंमी. व ३.४४ कोनीय मिनिटांएवढा असतो.

जाळीवरून अंतरही काढता येते : लक्ष्याची सेंटिमीटरमधील उंची गुणिले दहा, भागिले वाचलेले मिल. ४५ सेंमी.ची लोखंडी पाटी ०.९ मिल भरली तर अंतर ५०० मी. येते, तीच १.० वाचली तर ४५० आणि ०.८ वाचली तर ५६० च्या पुढे. दशांश मिलच्या चुकीने एवढा फरक पडत असल्याने लेसर अंतरमापक हाताशी असताना जाळीवरून अंतर काढण्याचा आग्रह आज कोणी धरत नाही.

निवड : जाळी हवी की नको, हा प्रश्न खरे तर घसरणीचा नसून वाऱ्याचा आहे. अंतर माहीत असेल तर घसरण ठरलेली असते व ती चक्रावर लावता येते. वारा मात्र नेम धरल्यापासून चाप ओढेपर्यंतसुद्धा बदलतो. .३०८ काडतुसाच्या १७५ ग्रेन वजनाच्या गोळीला ताशी १६ किमी.चा आडवा वारा ३०० मीटरवर पाऊण मिलच्या आसपास ढकलतो, तर १,००० मीटरवर तीन मिलच्या आसपास. ख्रिसमस ट्रीचा त्रिकोणी आकार यातूनच आला : खालच्या ओळी दूरच्या अंतराच्या, म्हणून अधिक रुंद. वरच्या ओळींना कडेपर्यंत नेलेली पूर्ण जाळी तेथे लक्ष्य झाकण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

चक्र न फिरवता वेगवेगळ्या अंतरांवर झटपट नेम बदलायचा असेल, तर पूर्ण जाळीचा फायदा निर्विवाद आहे.  गोळी कोठे पडली ते नेमबाजाला किंवा निरीक्षकाला दिसले, की ‘१.२ उजवीकडे, ०.४ खाली’ असे वाचून पुढचा नेम उलट दिशेला तितकाच सरकवायचा. निरीक्षकाच्या दुर्बिणीतही त्याच मापाच्या खुणा असतील, तर दोघांना एकच आकडे बोलता येतात. पण जाळी जितकी दाट, तितका गोळी पडल्यावर उडालेला धुरळा खुणांमागे दडण्याचा संभव अधिक. शिवाय मोजण्यातली चूक महाग पडते. आठव्या ओळीऐवजी सातवीवर नेम धरला गेला तर १,००० मीटरवर गोळी एक मीटर खाली जाते. म्हणून निदान दर दोन मिलला आकडा असणे ही चैन नव्हे. ओळींवरचे आकडे दोन्ही टोकांना हवेत, कारण वाऱ्यासाठी नेम कडेला नेल्यावर मधला आकडा नजरेबाहेर राहतो.

रेषेची जाडी हा निवडीतील सर्वांत दुर्लक्षित भाग. लांब पल्ल्याच्या रेटिकलांत ती साधारण ०.०३ मिल असते, म्हणजे १,००० मीटरवर ३ सेंमी. रेटिकल पहिल्या नाभीप्रतलात (वर्धन बदलणाऱ्या भिंगांच्या पुढे, लक्ष्याकडील बाजूस) असेल तर ते वर्धनाबरोबर लहान-मोठे होते, म्हणून खुणांचे माप सर्व वर्धनांवर खरे राहते. दुसऱ्या नाभीप्रतलातील रेटिकलचे माप एकाच वर्धनावर खरे असते. ते २० पटींवर बेतलेले असेल तर १० पटींवर १ मिलची खूण २ मिलची होते. जाळीसाठी पहिले नाभीप्रतल जवळजवळ अपरिहार्य आहे. त्याची किंमत अशी : ०.०३ मिलची रेषा २५ पटींवर डोळ्याला अडीच कोनीय मिनिटांची दिसते, पण ५ पटींवर अर्ध्या मिनिटाची, म्हणजे डोळ्याच्या सर्वसाधारण विभेदनक्षमतेच्याही खाली. स्कोप पाच पटींवर आणला की जाळी धुरकट डागासारखी भासते. जाड बाहेरच्या पट्ट्या व मध्यबिंदूचा दिवा यांचा उपयोग तेव्हा कळतो.

स्कोपच्या नळीत रेटिकल तिरके बसले असेल, तर जाळीचे सारे गणित फसते. मध्यबिंदूच्या १० मिल खालच्या खुणेवर धरलेला नेम दोन अंशांच्या तिरकेपणामुळे बाजूला ०.३५ मिल, म्हणजे १,००० मीटरवर ३५ सेंमी. सरकतो, आणि नेमबाज दोष वाऱ्याला देतो. उंच ओळंबा लटकवून उभी रेषा तपासणे हा त्यावरचा साधा उपाय. चक्र व रेटिकल एकाच एककात असावेत, हे वेगळे सांगायला नको; तरी मिलचे रेटिकल व एमओएची चक्रे असे स्कोप अनेक वर्षे विकले गेले.

स्पर्धांचा प्रकारही निवड ठरवितो. एफ-क्लासमध्ये (रायफल टेकूवर ठेवून होणाऱ्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत) अंतर ठरलेले व लक्ष्य एकाच जागी. तेथे बारीक फुली किंवा ठिपका पुरतो आणि दुसरे नाभीप्रतलही चालते. अमेरिकेत २०१२ पासून चालणाऱ्या प्रिसिजन रायफल सीरिजसारख्या, वेगवेगळ्या अंतरांवरील लक्ष्यांच्या स्पर्धांत बहुतेक जण घसरण चक्रावर लावतात व वारा रेटिकलवर धरतात. अशांना मध्यबिंदूभोवती मोकळी जागा ठेवून दोन-एक मिल खालून सुरू होणारी विरळ ट्री अधिक सोयीची पडते. पूर्ण जाळीचे पुरस्कर्ते सरावाने डोळा तिला सरावतो असे म्हणतात, ते खोटे नाही. पण तो सराव टिकविण्याइतकी काडतुसे सामान्य नेमबाजाला परवडत नाहीत.

भारतात : भारतीय सेनेत ड्रागुनोव्ह दीर्घकाळ असल्याने पीएसओ-१ धर्तीचे रेटिकल सर्वाधिक परिचित आहे. तेजस्विनी सावंत (जागतिक सुवर्णपदक, म्यूनिक २०१०) व स्वप्नील कुसळे (कांस्यपदक, पॅरिस २०२४) या कोल्हापूरच्या नेमबाजांमुळे महाराष्ट्रात रायफल नेमबाजी घरोघरी पोहोचली. मात्र त्यांच्या ५० मी. प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नसून छिद्राची मागची व वलयाची पुढची माशी वापरतात, त्यामुळे या रेटिकलांशी त्या खेळाचा संबंध येत नाही.