बॅकप्रेशर गेलं की ताकद जाते?

बेळगावच्या उद्यमबागेपासून खानापूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात जुनी पेट्रोल पिकअप उभी करा, एक वाक्य हमखास कानावर येतं: "मालक, हेडर लावू नका, बॅकप्रेशर गेलं की गाडी ओढणार नाही."

हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेला एक्झॉस्ट, बॅकप्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा अडथळा. या बॅकप्रेशरची इंजिनाला काडीचीही गरज नसते. जळका वायू बाहेर ढकलण्यात पिस्टनची शक्ती खर्च होते. अडथळा कमी, तेवढी ती वाचते.

मग हेडरवाल्या गाड्या चढाला का मरतात? बहुतेक वेळा नळ्या नको तितक्या जाड घेतलेल्या असतात. वेगात निघालेला वायू आपल्यामागे कमी दाब सोडतो, त्याने सिलिंडर साफ व्हायला मदत होते. जाड नळीत कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, हा वेगच पडतो. दुसरा गुन्हेगार हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर. हवा जास्त येऊ लागली आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारं त्याचं छिद्र) जुनाच राहिला, तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, गाडी अडखळते. स्पार्क प्लग काढून बघा, टोकाचं पोर्सेलिन पांढरंफटक दिसेल. बिल मात्र बॅकप्रेशरच्या नावावर!

जुन्या महिंद्राचं 2.2 लिटरचं हरिकेन इंजिन मुळात सावकाश ओढणारं. माल भरून चोर्ला घाट चढायचा असेल तर माझं मत बिडाच्या मूळ मॅनिफोल्डलाच, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा जळका वायू एकत्र करणाऱ्या कंपनीच्या भागाला. आवाज कमी, आणि इकडच्या पावसात पातळ नळ्यांसारखं लवकर भोक पडत नाही. त्याचा फ्लँज (इंजिनाला बसणारा सपाट भाग) वाकलाय का हे स्टीलच्या पट्टीने तपासा. वाकला असेल तर ग्राइंडिंग करून घ्या, फौंड्र्यांच्या या गावात ते अवघड नाही. हेडरच हवा असेल तर बारीक, लांब नळ्यांचा घ्या आणि जेटचा खर्च आधीच धरा.