पार्श्वभूमी: क्वार्केनची बेटे आणि समुद्रापासून तुटत जाणारी तळी

फिनलंड आणि स्वीडन यांच्यामध्ये बोथनियाचे आखात जिथे सर्वांत चिंचोळे होते, तो पट्टा म्हणजे क्वार्केन. फिनलंडच्या बाजूला साधारण 5,600 बेटे, बहुतेक ठेंगणी आणि दगडगोट्यांनी भरलेली. पलीकडे स्वीडनचा डोंगराळ ‘उंच किनारा’. जागतिक वारसा यादीत दोन्हींची नोंद एकत्र आहे: स्वीडनचा भाग 2000 साली आला, फिनलंडचा 2006 साली जोडला गेला. हिमयुगातल्या बर्फाखाली दबलेली जमीन बर्फ वितळल्यापासून वर येते आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. क्वार्केनमध्ये तो वेग वर्षाला आठ मिलिमीटरच्या आसपास आहे. किनारा इतका सपाट आहे की तेवढ्यानेही दरवर्षी सुमारे एक चौरस किलोमीटर नवी जमीन उघडी पडते. कोकणात किनाऱ्यावरच्या माणसाला धास्ती असते ती समुद्र आत येण्याची. इथे तो पिढ्यान् पिढ्या दूर जातो आहे.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. स्वीडनमधल्या लुलेओ गावाचे बंदर उथळ झाले, म्हणून 1649 मध्ये गावच समुद्राकडे हलवावे लागले. फिनलंडचे वासा 1852 च्या आगीत जळाले, तेव्हा नवे शहर जुन्या जागी न बांधता सहा-सात किलोमीटर पुढे, पाण्याजवळ वसवले गेले. त्याआधी 1731 साली एका स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाने गेव्हलेजवळच्या एका खडकावर पाण्याची पातळी कोरून ठेवली होती. पाणी कमी होते आहे, असे त्याचे म्हणणे होते. धर्मगुरूंनी त्यावर गहजब केला. पाणी घटत नसून जमीन उचलली जाते आहे, हे सर्वमान्य व्हायला एकोणिसावे शतक उजाडले.

संरक्षणाची खरी कहाणी मात्र गेल्या तीन-चार दशकांतली आहे. फिनलंडने 1990 मध्ये किनारे राखण्याचा कार्यक्रम मंजूर केला, 1995 मध्ये देश युरोपीय संघात गेला आणि 1998 मध्ये ‘नातुरा 2000’ साठीच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या राखीव निसर्गक्षेत्रांच्या जाळ्यासाठीच्या, क्षेत्रांची यादी सरकारने ठरवली. त्या यादीवरून जमीनमालकांमध्ये मोठा असंतोष होता, आणि तो समजण्यासारखा होता. फिनलंडमध्ये पाण्यातून वर आलेली जमीन काठावरच्या घरमालकाची आपोआप होत नाही. ती त्या पाण्याच्या मालकांची, म्हणजे बहुधा गावातल्या हिस्सेदारांची सामाईक असते. आजोबांनी पाण्यालगत बांधलेली होडीची खोप आज गवतात उभी असते, आणि खोप ते पाणी ही पट्टी कागदोपत्री दुसऱ्यांची निघते. मोजणी करून, किंमत देऊन ती सोडवून घेता येते. अशा ठिकाणी वरून राखीव क्षेत्राची रेघ आली की लोक बिथरणारच.

पण माझ्या मते खरा गुंता बेटांचा नाही, तळ्यांचा आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिले जाते. जमीन वर येताना उथळ खाडीच्या तोंडाशी उंबरठा तयार होतो. आतले पाणी समुद्राला जोडलेले, पण अडलेले राहते. त्याला ‘फ्लाडा’ म्हणतात. उंबरठा आणखी वर आला की समुद्राचे पाणी फक्त भरतीच्या पातळीला आत येते, तो ‘ग्लो’. पुढे तेही थांबते आणि उरते गोड्या पाण्याचे तळे. ‘भरती’ हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. या समुद्राला चंद्राची भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पातळी वर-खाली होते ती वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने. त्यामुळे जुलैत कोरडा दिसणारा उंबरठा नोव्हेंबरच्या वादळात पाण्याखाली असू शकतो.

आता कायदा पाहा. फिनलंडच्या 2011 च्या जलकायद्यात नैसर्गिक स्थितीतल्या फ्लाडाला आणि ग्लोला 10 हेक्टरपर्यंत थेट संरक्षण आहे; ते बिघडवायचे तर खास सवलत मिळवावी लागते. साध्या तळ्याला हेच कवच फक्त 1 हेक्टरपर्यंत. म्हणजे चार हेक्टरचे तेच पाणी ‘ग्लो’ ठरले तर या कलमात बसते, ‘तळे’ ठरले तर त्यातून सुटते. इतर परवानग्या लागू शकतात, पण बंदी आणि परवानगी यांत फरक आहे. निसर्गात दोन्हींमध्ये रेघ नाही, संथ सरकणारा काळ आहे. पाहणी कोणत्या महिन्यात झाली, यावरही निकाल झुकू शकतो. संशय असेल तिथे ग्लो धरावे, असे मला ठामपणे वाटते, कारण चुकून जास्त राखलेले तळे पुढे मोकळे करता येते.

हे इतके महत्त्वाचे का, तर माशांमुळे. उथळ, वाऱ्यापासून आडोसा असलेले हे पाणी वसंतात खुल्या समुद्राच्या बरेच आधी तापते. पाइक आणि पर्च मासे तेव्हा उंबरठा ओलांडून आत अंडी घालायला येतात. पिल्ले तळाशी वाढलेल्या शैवालाच्या दाट गालिच्यात लपून मोठी होतात. होडीसाठी तोंड खणले की थंड पाणी आत शिरते, गाळ ढवळतो, गालिचा विरळ होतो. होडीवाल्याची अडचण खोटी नाही. त्याचा धक्का खरोखरच कोरडा पडतो आहे. पण त्याचा एक चर आतल्या सगळ्या पाण्याला भोवतो.

काठावरच्या जंगलात आणि शेतात खणलेले चर हे दुसरे दुखणे. इथली माती जुन्या समुद्रतळाची, गंधकाने भरलेली. पाणी उपसून तिला हवा लागली की आम्ल तयार होते आणि पावसाबरोबर नाल्यांत, तळ्यांत उतरते. या किनाऱ्यावर त्यामुळे मासे मेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

त्यात भर म्हणजे जगभरची समुद्रपातळी आता वर्षाला तीन-चार मिलिमीटरने वाढते आहे. जमिनीची उचल तेवढी खाल्ली जाते. फ्लाडापासून ग्लो आणि ग्लोपासून तळे हा प्रवास त्यामुळे मंदावेल, आणि नवे फ्लाडा पूर्वीच्या गतीने जन्माला येणार नाहीत. अलीकडे दोन्ही देशांत काही ठिकाणी खणलेले उंबरठे दगड टाकून पुन्हा उंच करण्याची कामे झाली आहेत. न खणलेले राखणे याहून कितीतरी सोपे, आणि त्यासाठी 10 हेक्टरचे कलम आधीच हातात आहे.